ठिपक्यांखालचा सातबारा

१९९७ सालची गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटात, पिर्निनी नावाच्या ठिकाणी, आठ मीटर बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास जमिनीवर अंथरला होता. चाळीसएक बाया आणि पुरुष, त्यातले बरेचसे म्हातारे, त्याच्यावरच बसून तो रंगवत होते. मग जमिनीच्या हक्काचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची मंडळी तिथे पोचली. दावा सांगणाऱ्यांची पंचाईत अशी होती की कोर्टाच्या इंग्रजीत त्यांना आपली बाजू मांडता येत नव्हती. तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. एकेक जण उठला, कॅनव्हासवर आपण रंगवलेल्या भागावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलू लागला. हा पाणवठा कोणाचा, तिथवरची वाट कुठून येते, तो कोणी घडवला, त्याची राखण कोणाकडे.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, फेडरल कोर्टाने त्यांचा पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या प्रदेशावरचा हक्क मान्य केला. म्हणजे महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा. एका चित्राने खटला जिंकला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वकील होते, मानववंशशास्त्रज्ञ होते, फायलींचे ढीग होते. पण त्या ढिगात एक चित्रही होतं, आणि ते शोभेसाठी नव्हतं. ‘नगुरारा’ कॅनव्हास या नावाने ते ओळखलं जातं.

आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडण लागलं आणि तहसीलदारासमोर एकाने सातबाऱ्याऐवजी चित्र पसरलं, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यावीशी वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली ती ठिपक्याठिपक्यांची चित्रं तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असणार. मेलबर्नहून आलेल्या भाच्याने आमच्याकडे आणलेल्या फ्रिज मॅग्नेटवर तशीच नक्षी आहे. वर्तुळं, नागमोडी रेषा, मातकट रंग. छान दिसते. मीही बरीच वर्षं ‘आदिवासी कला’ असं म्हणून पुढे जात होतो. गोम तिथेच आहे. ज्याला आपण नक्षी म्हणतो, त्याला ती काढणारी माणसं दस्तऐवज म्हणतात. या एका फरकातून गेल्या साठ वर्षांत ऑस्ट्रेलियात किती खटले, किती वाद आणि किती उत्तम चित्रं निघाली, ते पाहू.

गुरव आणि तलाठी

सुरुवात एका शब्दापासून. वाळवंटातल्या वार्लपिरी लोकांच्या भाषेत तो ‘जुकुर्पा’. इंग्रजांनी त्याचं भाषांतर ‘ड्रीमिंग’ केलं आणि जगभर घोटाळा करून ठेवला, कारण झोपेतल्या स्वप्नाशी त्याचा फारसा संबंध नाही. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर मी ‘स्थलपुराण’ म्हणेन. आपल्याकडे डोंगरातली खाच म्हणजे भीमाचं पाऊल असतं, लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, कुंडातलं पाणी सीतेला तहान लागली म्हणून फुटलेलं असतं. तसंच तिथेही. पूर्वज कधी माणसाच्या, कधी मुंगीच्या, कधी पॉसम या झाडावर राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या रूपात जमिनीवरून चालत गेले. जिथे बसले तिथे पाणवठा झाला, जिथे भांडले तिथे खडक उभा राहिला. त्यांच्या वाटा शेकडो मैल पसरलेल्या आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचं गाणं, नाच आणि चित्र ठरलेलं आहे.

इथपर्यंत आपल्याला ओळखीचं वाटतं. पुढे मात्र फाटा फुटतो. आपल्याकडे स्थलपुराण गुरवाकडे असतं आणि सातबारा तलाठ्याकडे. देवीची कथा तोंडपाठ आहे म्हणून कोणी देवस्थानची जमीन आपल्या नावावर करून देत नाही. वाळवंटात गुरव आणि तलाठी एकच. त्या जागेची कथा, गाणं आणि आकृती सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे असणं, हाच ती जागा तुमची असल्याचा पुरावा. आणि ‘तुमची’ म्हणजे विकायला मोकळी असं नव्हे. तिची निगा राखणं तुमच्या अंगावर आहे, असा त्याचा अर्थ.

बरं, हा अधिकार एकट्याचाही नसतो. वार्लपिरींमध्ये वडिलांकडून ज्याला हक्क मिळतो तो ‘किर्दा’, आणि आईच्या माहेरच्या जागेशी ज्याचं नातं असतं तो तिथला ‘कुर्दुंगुर्लू’. पहिला धनी, दुसरा राखणदार. धन्याने विधी नीट केला का, आकृती बरोबर काढली का, हे पाहणं राखणदाराचं काम. आपल्या भाषेत, मामाच्या जमिनीवर भाच्याची देखरेख. चित्रकार स्टुडिओत एकटा बसून मनात येईल ते काढतो, ही आपल्या डोक्यात बसलेली कल्पना इथे पार निकामी आहे.

जाता जाता नावांबद्दल. या चित्रांखाली जापालजारी, जाकामारा, जाम्पिजिन्पा अशी नावं पुन्हा पुन्हा दिसतात आणि सगळे एका घरातले चुलतभाऊ आहेत की काय असं वाटतं. ती आडनावं नव्हेत. समाजाचे आठ गट आहेत, कोणाचं लग्न कोणाशी होऊ शकतं हे त्यावरून ठरतं, आणि बायकांची गटनावं ‘न’ने सुरू होतात. आडनावापेक्षा ते आपल्या देवकाच्या जवळ जातं.

चित्र वाचायचं कसं, हे सोपं आहे आणि नाहीही. बघणारा वर आहे असं समजायचं. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे वाटा. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण वाळूत मांडी घालून बसलं की उठल्यावर तसाच ठसा उरतो. पण याचा शब्दकोश करून खिशात ठेवता येत नाही. तेच वर्तुळ एका कथेत पाणवठा, दुसऱ्या कथेत चूल आणि तिसऱ्या कथेत फळ असतं. कथा माहीत असेल त्यालाच कळतं, आणि किती कथा कोणाला सांगायची याचेही नियम आहेत.

शाळेची भिंत

ही चित्रं पूर्वी कॅनव्हासवर नव्हती. वाळूत काढली जात, अंगावर रंगवली जात, काम झालं की पुसली जात. ती टिकाऊ पृष्ठभागावर आली १९७१ मध्ये, पापुन्या नावाच्या वस्तीत. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटर वायव्येला असलेली ही वस्ती सरकारने वसवली होती. वेगवेगळ्या भाषांचे लोक आपापल्या जागांवरून आणून तिथे ठेवले होते. त्यांनी गोऱ्यांसारखं राहायला शिकावं, हे तेव्हाचं अधिकृत धोरण. माणसं दुःखी होती, आजारी होती आणि घरापासून लांब होती.

तिथे सिडनीहून जेफ्री बार्डन नावाचा एक तरुण चित्रकलेचा शिक्षक आला. वर्गात मुलं सिनेमातले काउबॉय काढायची, पण बाहेर गोष्ट सांगताना त्यांची बोटं वाळूत वेगळंच काही काढायची. तेच काढा, असं बार्डनने सांगितलं. त्यातून वडीलधाऱ्या पुरुषांशी बोलणं सुरू झालं, आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या, म्हणजे पोटात मध साठवणाऱ्या मुंगीच्या, पुराणाचं मोठं चित्र रंगवलं. कथेची निवड योगायोगाने झाली नव्हती. शाळा ज्या जमिनीवर उभी होती तिचंच ते स्थलपुराण होतं. सरकारी इमारतीवर तिथल्या मातीचा सातबारा लागला, असं म्हणा ना. काही वर्षांतच प्रशासनाने ती भिंत रंग फासून झाकून टाकली.

तोवर माणसांच्या हाताला चटक लागली होती. फळकुटं, हार्डबोर्डचे तुकडे, मिळेल त्यावर ते रंगवू लागले. त्याच वर्षी कापा जाम्पिजिन्पा या शाळेतल्या हरकाम्याने काढलेल्या चित्राला ॲलिस स्प्रिंग्जच्या कला स्पर्धेत पहिलं बक्षीस विभागून मिळालं. १९७२ मध्ये चित्रकारांची स्वतःची कंपनी निघाली, ‘पापुन्या तुला’. ती आजही चालू आहे आणि तिचे मालक तिथलेच लोक आहेत. बार्डन मात्र वर्ष-दीड वर्षातच मनाने खचून तिथून गेला.

याच १९७१ मध्ये उत्तरेकडच्या योल्ङू लोकांचा एक खटला निकालात निघाला. १९६३ मध्ये त्यांनी खाणीच्या विरोधात संसदेला अर्ज पाठवला होता. टाइप केलेला कागद झाडाच्या सालीवर चिकटवलेला, आणि भोवती त्यांच्या कुळांच्या आकृत्या रंगवलेल्या. त्यांच्या दृष्टीने कागद ही विनंती होती आणि सालीवरची किनार हा पुरावा. संसदेने दखल घेतली, खाण थांबली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी कबूल केलं की या लोकांकडे कायद्याची पक्की व्यवस्था आहे, पण इंग्रजी कायद्याला कळेल असा मालकीहक्क त्यातून निघत नाही. ही जमीन गोरे आले तेव्हा कोणाचीच नव्हती, हे गृहीतक मोडायला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाचा १९९२ चा माबो निकाल यावा लागला.

पुन्हा ठिपक्यांकडे. पापुन्यातल्या सुरुवातीच्या फळ्यांवर ठिपके कमी आणि आकृत्या उघड आहेत. विधींतल्या गुप्त वस्तू, ज्या फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनीच पाहायच्या, त्यासुद्धा त्यांत आल्या. ती चित्रं शहरात टांगली गेली, आणि इतर वस्त्यांतली वडीलधारी माणसं भडकली. मग चित्रकारांनी गुप्त भाग गाळायला किंवा झाकायला सुरुवात केली. ठिपके आधीही होते, अंगावरच्या रंगात आणि जमिनीवरच्या चित्रांत. पण आता ते पडद्यासारखे सगळीभर पसरले. म्हणजे जगाला जी ‘शैली’ म्हणून आवडली, तिचा एक भाग प्रत्यक्षात झाकण आहे. संग्रहालयांत त्या जुन्या फळ्यांपैकी काही आजही सगळ्यांसमोर लावत नाहीत.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. जवळपास याच काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूच्या वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले होते. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी. जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असून, लग्न नसतानाही, रोज चित्र काढलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात म्हसे यांची चित्रं आणि वाळवंटातल्या युएन्दुमू गावच्या वार्लपिरी पुरुषांनी जमिनीवर काढलेलं चित्र, दोन्ही होतं. पुढे वारली चित्रं कपांवर, साड्यांवर, स्टेशनांच्या भिंतींवर गेली. २०१४ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो नावाचं रक्षण करतो. चौकातली पालघट देवी पायपुसणीवर छापायची की नाही, हे ठरवायचा हक्क त्यातून कोणाला मिळाला असं मला दिसत नाही.

नोट, गालिचा आणि एक डॉलर

पायपुसणी म्हटलं ते उगाच नाही. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने नवं चलन काढलं. एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवरचं एक जुनं-पुराणं ‘अनाम’ चित्र घेतलं. ते अनाम नव्हतं. डेव्हिड मलांगी या हयात चित्रकाराने एका महान शिकाऱ्याच्या अंत्यविधीची आपल्या कुळाची कथा त्यात काढली होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं. चूक लक्षात आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्याला हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. मासेमारीचं साहित्य! यात हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नव्वदच्या दशकात पर्थच्या एका कंपनीने व्हिएतनाममध्ये गालिचे विणून आणले. त्यावरच्या आकृत्या नॅशनल गॅलरीने शिक्षणासाठी छापलेल्या चित्रसंचातून उचललेल्या होत्या. त्यात बंडुक मारिका या योल्ङू चित्रकर्तीचं, पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं. चित्र तिने काढलं असलं तरी ती फक्त तिची मालमत्ता नव्हती. कुळाने विश्वासाने तिच्याकडे दिलेली आकृती आता लोकांच्या पायाखाली जाणार होती आणि जाब तिला विचारला जाणार होता. १९९४ मध्ये कोर्टाने सुमारे १ लाख ८८ हजार डॉलर भरपाई दिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्रकाराची आपल्याच समाजात झालेली नाचक्की हीदेखील हानी आहे, हे मान्य केलं. चार वर्षांनी दुसऱ्या एका खटल्यात कोर्ट आणखी एक पाऊल पुढे गेलं. कॉपीराइट चित्रकाराचा असला तरी कुळाप्रती त्याचं बंधन आहे, असं त्याने म्हटलं. कॉपीराइटचा कायदा एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. त्यात भाच्याची देखरेख बसवायला ही कसरत करावी लागली.

कॉपीराइटचा विषय निघाला तर अल्बर्ट नामाटजिराला वगळता येत नाही. पापुन्याच्या पस्तीस वर्षं आधी तो जलरंगात निसर्गचित्रं काढायला शिकला, देशभर गाजला. १९५७ मध्ये त्याला नागरिकाचे पूर्ण हक्क मिळाले. त्या हक्कांत दारू विकत घेणं होतं, पण नातेवाइकांना ती देणं नव्हतं, आणि त्याच गुन्ह्याखाली पुढच्याच वर्षी त्याला शिक्षा झाली. १९५९ मध्ये तो गेला. त्याच्या चित्रांचा कॉपीराइट सरकारी विश्वस्ताने १९८३ मध्ये कुटुंबाला न विचारता साडेआठ हजार डॉलरना विकून टाकला. तो २०१७ मध्ये एक डॉलरला कुटुंबाकडे परत आला. बराच काळ टीकाकार त्याला ‘गोऱ्यांची नक्कल करणारा’ म्हणत. त्याने जन्मभर रंगवले ते डोंगर आणि पांढऱ्या खोडांची झाडं त्याच्या स्वतःच्या मुलखातली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दूर कोणापासून?

आता दुसऱ्या बाजूचे लोक. वसाहत करून राहिलेल्या गोऱ्यांचे, नंतर आलेल्या युरोपीय निर्वासितांचे वंशज. त्यांचीही एक अडचण होती, आणि ती खोटी नव्हती.

१९७४ मध्ये टेरी स्मिथ या ऑस्ट्रेलियन समीक्षकाने न्यूयॉर्कच्या एका कला मासिकात लिहिलं की कलेचे नियम न्यूयॉर्कमध्ये ठरतात आणि बाकीचं जग ते पाळायला धावतं. सिडनीचा चित्रकार कितीही चांगला असो, ‘तिथे काय चाललंय’ याकडे डोळे लावून बसणं त्याच्या नशिबी असतं. मूळ चित्रं त्याला दिसत नाहीत. दिसतात ती मासिकात छापलेली, तळहाताएवढी. मुंबई-पुण्यात ग्रंथालयात बसून पाश्चात्त्य चित्रांची पुस्तकं चाळत मोठ्या झालेल्या आपल्या चित्रकारांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इमांट्स टिलर्सने हीच अडचण आपली पद्धत करून टाकली. लात्वियातून परागंदा झालेल्या आईबापांचा हा मुलगा १९५० मध्ये सिडनीत जन्मला. छापील चित्रंच आपल्या वाट्याला आली आहेत ना, मग छापील चित्रांवरूनच आपण चित्रं करू. लहान लहान कॅनव्हास-बोर्डांवर तुकड्या-तुकड्याने दुसऱ्यांची चित्रं उतरवायची आणि ते बोर्ड जोडून मोठी भिंत उभी करायची. कल्पना हुशार होती, तिला नावही मिळालं. १९८५ मध्ये त्याने ‘द नाइन शॉट्स’ केलं. त्यात एका जर्मन चित्रकाराची माणसाची आकृती घेतली, आणि मायकेल नेल्सन जाकामारा या वार्लपिरी चित्रकाराच्या १९८४ मधल्या ‘फाइव्ह स्टोरीज’मधले आकार घेतले. परवानगी मागितली नाही. जर्मन चित्रकाराची मागितली नाही, तशीच याचीही नाही. त्याच्या हिशेबात दोन्ही छापील चित्रंच.

इथे दोन्ही दूरपणा एकमेकांवर आदळले. टिलर्सच्या लेखी चित्र म्हणजे मुळापासून सुटलेली, टपालाने हिंडणारी प्रतिमा, कारण त्याला कलेतलं काहीच मुळाशी जाऊन भेटलं नव्हतं. केंद्र कुठेतरी लांब, समुद्रापलीकडे. जाकामाराच्या लेखी चित्र म्हणजे एका विशिष्ट जागेचा उतारा. केंद्र त्याच्या पायाखाली, आणि दूर असलं तर न्यूयॉर्कच दूर. टिलर्सने खोडसाळपणा केला असं मला वाटत नाही. आपल्या वाट्याला जे आलं तेच सगळ्यांच्या वाट्याला आलंय, असं त्याने धरून चाललं, ही त्याची चूक. दुसऱ्याचा सातबारा कोलाजमध्ये चिकटवताना, तो सातबारा आहे हेच त्याच्या गावी नव्हतं.

उत्तर आलं गॉर्डन बेनेटकडून. क्वीन्सलँडमधला हा चित्रकार गोऱ्या बापाच्या आणि मिशनमध्ये वाढलेल्या, मूळनिवासी म्हणजेच अ‍ॅबोरिजिनल आईच्या पोटी जन्मला. आईकडचं मूळ त्याला वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास कळलं. त्याने १९९० मध्ये ‘द नाइन रिकोशेट्स’ काढलं. रिकोशेट म्हणजे आपटून उलट फिरलेली गोळी. टिलर्सच्या ‘शॉट्स’मधल्या गोळ्या त्याने परत पाठवल्या. चित्रात गोऱ्यांनी केलेल्या कत्तलीचं दृश्य आहे आणि त्यावर टिलर्सच्याच पद्धतीचे बोर्ड. उसन्या चित्रांवर उसन्या चित्रांचाच वार. त्याला दुसऱ्या वर्षी देशातलं तेव्हाचं एक मोठं पारितोषिक मिळालं. गंमत अशी की ‘अ‍ॅबोरिजिनल कलाकार’ ही पाटी बेनेटला अजिबात नको होती.

आणि जाकामारा? त्याची कहाणी मला या सगळ्यांत जास्त आवडते. १९८८ मध्ये कॅनबेरात नवं संसद भवन उघडलं तेव्हा समोरच्या अंगणातलं भव्य मोझेक त्याच्या आकृतीवरून केलेलं होतं, दगडाच्या हजारो बारीक तुकड्यांचं. पाच वर्षांनी जमीनहक्काच्या कायद्यावरून सरकारशी बिनसलं, तेव्हा तो तिथे गेला आणि निषेध म्हणून मोझेकच्या मधला दगड छिन्नीने काढायला बसला. चित्र म्हणजे वचन असेल, तर वचन मोडल्यावर ते परतही घेता येतं. २००१ पासून त्याने आणि टिलर्सने ब्रिस्बेनमध्ये मिळून चित्रं काढली. एकाच पृष्ठभागावर, या वेळी विचारून.

पैसा जातो कुठे

क्लिफर्ड पॉसम जापालजारीने १९७७ मध्ये ‘वार्लुगुलाँग’ नावाचं मोठं चित्र काढलं. एका बँकेने ते १,२०० डॉलरना घेतलं आणि ते बराच काळ तिच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात लटकत होतं. २००७ मध्ये लिलावात त्याला २४ लाख डॉलर आले. चित्रकार पाच वर्षांपूर्वीच वारला होता. अशा उदाहरणांनंतर कायदा झाला, आणि २०१० पासून एक हजार डॉलर किंवा त्यापुढे चित्र पुन्हा विकलं गेलं की पाच टक्के चित्रकाराला किंवा वारसांना मिळतात. कायद्याआधी विकत घेतलेल्या चित्राची पहिली फेरविक्री मात्र त्यात धरत नाहीत.

बनावट मालाचा प्रश्न वेगळाच. सरकारी आयोगाच्या २०२२ मधल्या अहवालानुसार, अ‍ॅबोरिजिनल धाटणीच्या भेटवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात, त्यातला निम्म्याहून अधिक अस्सल नसलेल्या मालावर जातो. आमच्या फ्रिजवरचं मॅग्नेट मी उलटून पाहिलं. त्यावर कोणाचंच नाव नाही.

पण पैशाची एक गोष्ट चांगली आहे. वाळवंटात मूत्रपिंडाचे आजार फार. डायलिसिससाठी किंटोर गावच्या माणसाला पाचशेहून जास्त किलोमीटरवर ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागे, आपल्या जागेपासून लांब. तिथेच मरणं ही त्यांना मरणाहून वाईट वाटणारी गोष्ट. २००० मध्ये किंटोर आणि किविरकुरा या दोन गावांतल्या पुरुषांनी आणि बायकांनी मिळून चार मोठी चित्रं काढली. इतर कामांसह ती सिडनीत लिलावाला ठेवली. दहा लाख डॉलरहून जास्त जमले, आणि गावातच डायलिसिस सुरू झालं. आज अनेक दुर्गम वस्त्यांत या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेची यंत्रं आहेत. जमिनीच्या उताऱ्यांनी माणसांना जमिनीवर परत आणलं.

एमिली काम उंग्वारे या चित्रकर्तीवर खरं तर वेगळा लेख हवा. जवळपास ऐंशीची होईपर्यंत तिने कॅनव्हास हातात घेतला नव्हता आणि १९९६ मध्ये मरेपर्यंत तिने सुमारे तीन हजार चित्रं केली. समीक्षक तिला पाश्चात्त्य अमूर्त चित्रकारांच्या रांगेत बसवतात, तेव्हा मला चीड येते. तिच्या नावातलं ‘काम’ म्हणजे एका रानकंदाचं बी. १९९५ मधलं तिचं आठ मीटर लांबीचं चित्र, काळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं, म्हणजे त्या कंदाची मुळं आहेत. कंद पिकला की वरची जमीन भेगाळते, आणि खणायचं कुठे ते कळतं. यात अमूर्त काय आहे?

एकाच भिंतीवर

एकत्र काम करण्याचे बरे नमुनेही आता दिसतात. फिओना हॉल ही गोऱ्या घराण्यातली शिल्पकार २०१४ मध्ये वाळवंटातल्या गवत विणणाऱ्या बायकांसोबत राहिली. सगळ्यांनी मिळून त्या मुलखातून नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या आकृत्या गवताच्या विणल्या, त्यात लष्करी गणवेशाचे तुकडे गुंफले. पुढच्या वर्षी त्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडल्या गेल्या, आणि बायकांच्या गटाचं नाव तिथे होतं.

त्याच व्हेनिसमध्ये २०२४ च्या एप्रिलात ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सर्वोत्तम देशाचा ‘गोल्डन लायन’ मिळाला, देशाला पहिल्यांदाच. कलाकार आर्ची मूर. आईकडून कामिलारोई आणि बिगाम्बुल या मूळनिवासी लोकांतला, वडिलांकडून ब्रिटिश. त्याने दालनाच्या भिंती आणि छत काळं करून घेतलं आणि पांढऱ्या खडूने हाताने वंशावळ लिहिली. सांगली-कोल्हापूरकडे बैलावर बसून हेळवी यायचे आणि वहीतून आपल्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायचे, त्यांची वही उलगडून घरभर चिकटवली तर कशी दिसेल, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे पिढ्या २,४०० आहेत आणि काळ ६५ हजार वर्षांचा. खाली मूर स्वतः, त्याच्यावर आईबाप, आजीआजोबा. जरा वर गेलं की नावांच्या जागी सरकारी दप्तरांतले अपमानास्पद शब्द येतात, कारण नोंद तेवढीच उरली आहे. मधे मधे भिंतीवर कोरे काळे भाग आहेत. कत्तली, देवीची साथ, जळालेल्या किंवा कधी लिहिल्याच न गेलेल्या नोंदी. दालनाच्या मध्यभागी पाण्याचा हौद आणि त्यावर कागदांचे गठ्ठे, पोलीस आणि तुरुंगाच्या कोठडीत मेलेल्या अ‍ॅबोरिजिनल माणसांच्या चौकशीचे अहवाल.

त्या वंशावळीत वडिलांच्या बाजूचा एक पूर्वज आहे, ब्रिटनमधून शिक्षा भोगायला जहाजात भरून पाठवलेला कैदी. त्याचंही नाव त्याच खडूने, त्याच अक्षरात आहे. वर वर जात नावं इतकी बारीक आणि दाट होतात की छतापर्यंत पोचल्यावर वाचता येत नाहीत. मान दुखेपर्यंत पाहिलं तरी नुसते पांढरे ठिपके दिसतात.